पस्तीस बाय पंचेचाळीस

१८२५ ते १८७३ या काळात सिंगापूर ही हिंदुस्थानातल्या सजायाफ्ता कैद्यांची वसाहत होती. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून काळ्या पाण्यावर पाठवलेली माणसं इथे बोटीतून उतरत. त्यांनी रस्ते बांधले, दलदली बुजवल्या, सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलच्या भिंती उभ्या केल्या. बंगाल आणि मद्रासकडून येणाऱ्या जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदलेला असे. कैदी पळाला तर कुणालाही वाचता यावा, एवढाच त्यामागचा हेतू. कैदीही काही कमी हुशार नव्हते. ते पागोटं भुवयांपर्यंत खाली ओढून घेत.

१८४९ मध्ये कायद्याने ही गोंदणं बंद झाली. माणुसकीच्या दृष्टीने चांगलं झालं, पण तुरुंगाच्या अधिकाऱ्यांपुढचा प्रश्न तसाच राहिला: पळालेला कैदी ओळखायचा कसा? सिंगापूरच्या तुरुंगाचा कारभार १८५७ पासून मेजर मॅक्नेअर यांच्याकडे होता. आज राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान असलेली ‘इस्ताना’ ही इमारत त्यांच्याच आराखड्यावरून कैद्यांनी बांधली. या गृहस्थांना छायाचित्रणाचं चांगलं अंग होतं. कैद्यांचे फोटो काढून नोंदीला जोडायची पद्धत त्यांच्या काळात सिंगापूरच्या तुरुंगात आली. कपाळावरची खूण अशी कागदावर आली.

आज आपण पासपोर्टला जो फोटो लावतो, त्याचं सासर हे असं तुरुंगातलं. माहेर मात्र अगदी वेगळं, हौसेमौजेचं.

डिसेंबर १८४३ मध्ये ‘सिंगापूर फ्री प्रेस’मध्ये गास्तों द्युत्रोंक्वा या हॉटेलवाल्याची जाहिरात आली. हा लंडन हॉटेलचा मालक. पाहुण्यांची डॅगेरोटाइप या सुरुवातीच्या छायाचित्रण पद्धतीने चित्रं काढून देतो, असं त्याने जाहीर केलं. सिंगापुरातल्या फोटोच्या धंद्याची सुरुवात तिथून धरतात. पुढे १८६७ मध्ये जर्मन लँबर्टचा स्टुडिओ आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हिल स्ट्रीटवर ली बंधूंचा. ली बंधूंच्या काचेच्या अडीच हजारांच्या आसपास प्लेट सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. त्यांत व्यापारी, नवरानवरी, बाळंतिणी, चिनी-मलय परंपरेतल्या पेरानाकान आज्ज्या, सगळे नटूनथटून बसलेले दिसतात. हातात पुस्तक, बाजूला फुलदाणी, मागे रंगवलेला पडदा. आपण कोण आहोत यापेक्षा आपण कसे दिसायला हवे, हे त्या फोटोंत जास्त आहे.

मुंबईतही तेच चाललं होतं. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी या नव्या विद्येचे मोठे उपासक. त्या पहिल्या वर्गातून बाहेर पडलेल्या हरिचंद चिंतामण यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला आणि संस्थानिकांपासून सर्वसामान्यांपर्यंत अनेकांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने एकाच प्लेटवर अनेक छोटे फोटो घ्यायच्या युक्तीचं पेटंट १८५४ मध्ये मिळवलं होतं. फोटो व्हिजिटिंग कार्डाएवढा झाला, स्वस्त झाला, पाकिटात मावायला लागला. ही सोय नसती तर पुढे कुठल्या सरकारला प्रत्येक प्रवाशाकडे फोटो मागता आला नसता.

आता एक गंमत. १८६२ मध्ये सिंगापुरात येऊन स्टुडिओ चालवणारा स्कॉटिश छायाचित्रकार जॉन थॉमसन पुढे हाँगकाँगला गेला. तिथल्या चिनी छायाचित्रकारांविषयी त्याने लिहिलं आहे, की त्यांच्या गिऱ्हाइकांना चेहरा सरळ समोरून हवा असे, दोन्ही कान दिसलेच पाहिजेत, आणि तोंडावर सावली पडलेली चालत नसे. अर्धा चेहरा अंधारात ठेवून मुद्रा खुलवण्याच्या युरोपीय कलेचं त्यांना कौतुक नव्हतं. थॉमसनने हे थट्टेच्या सुरात सांगितलं. आज सिंगापूरचा पासपोर्ट काढणाऱ्याला सरकार नेमकं हेच सांगतं: सरळ बघा, चेहरा पूर्ण दिसू द्या, सावली नको.

सरकारच्या दप्तरात हा सरळ चेहरा आणला पॅरिसच्या पोलिसांनी. आल्फोन्स बर्तियों हा तिथला कारकून. १८८० च्या दशकात त्याने गुन्हेगारांची मोजमापं घ्यायची शिस्त लावली, आणि फोटोलाही ती लागू केली. ठरावीक अंतर, ठरावीक उजेड, एक फोटो समोरून, एक बाजूने. दोन फोटो शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच पद्धतीने काढलेले हवेत, हे त्याचं साधं तर्कशास्त्र. आजचे सगळे नियम त्याच तर्काची पिलावळ आहेत.

तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पासपोर्टवर फोटो नव्हता. उंची, केसांचा रंग, नाकाची ठेवण असं वर्णन लिहिलं की काम भागे. १९१४ च्या युद्धाने ते चित्र पालटलं. कार्ल हान्स लोडी हा जर्मन हेर चार्ल्स इंग्लिस या अमेरिकन माणसाच्या खऱ्याखुऱ्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये शिरला. पासपोर्ट अस्सल, माणूस नकली, आणि दोघांचा मेळ घालायला फोटोच नाही. लोडी पकडला गेला आणि ६ नोव्हेंबर १९१४ रोजी टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. डिसेंबरमध्ये अमेरिकेने पासपोर्टला फोटो सक्तीचा केला. १९१५ मध्ये ब्रिटननेही केला.

१९१५ हे साल सिंगापूरच्या हिंदी माणसांनाही जड गेलं. फेब्रुवारीत इथल्या पाचव्या लाइट इन्फन्ट्रीतल्या हिंदी शिपायांनी बंड केलं. ते मोडल्यावर सरकारने सिंगापुरातल्या सगळ्याच हिंदी रहिवाशांना नावनोंदणी करायला लावली. ज्यांचा बंडाशी काडीचा संबंध नव्हता त्यांनाही आपण कोण, कुठले, हे सिद्ध करावं लागलं. हिंदुस्थानात १९१७ मध्ये युद्धकाळातल्या नियमांनी पासपोर्ट आवश्यक झाला आणि १९२० च्या कायद्याने तो कायमचा बसला. युद्ध संपलं की हे सगळं उठेल, असं अनेकांना वाटत होतं. ऑक्टोबर १९२० मध्ये पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरली. पासपोर्ट पुढेमागे रद्द करायचाच आहे, असं म्हणत तिने बत्तीस पानी पुस्तिकेचा नमुना ठरवून दिला. पुस्तिका राहिली, रद्द करणं राहून गेलं.

सुरुवातीचे हे फोटो पाहिले तर हसू येतं. कुणी टोपीत, कुणी बागेत, कुणी बायकोमुलांसकट. घरी जो बरा फोटो सापडेल तो कापून चिकटवायचा. पुढे शिस्त वाढली तसा झटपट फोटोचा धंदा वाढला. सैबेरियात जन्मलेल्या आणि शांघायमध्ये स्टुडिओ चालवलेल्या अनातोल जोसेफोने १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आपलं स्वयंचलित यंत्र लावलं. पंचवीस सेंट टाकले की आठ फोटोंची पट्टी बाहेर. पडद्याआडच्या स्टुलावर बसून समोर पाहायचं, फोटोग्राफर नाहीच. माणसाचा फोटो काढायला माणूस लागत नाही, हे तिथे ठरलं. तो फोटो पाहायलाही माणूस लागणार नाही, ही गोष्ट यायला आणखी पाऊणशे वर्षं लागली.

त्याआधी सिंगापूरला आणखी एका संशयाच्या काळातून जावं लागलं. १९४८ मध्ये मलायात कम्युनिस्टांचा सशस्त्र उठाव झाला, आणीबाणी जाहीर झाली. मलाया आणि सिंगापुरात बारा वर्षांवरच्या प्रत्येकाची नोंदणी करून फोटो आणि अंगठ्याचा ठसा असलेलं ओळखपत्र देण्यात आलं. जंगलातल्या गनिमांना या कागदाची ताकद बरोबर कळली होती. गावात शिरले की ते लोकांची ओळखपत्रं हिसकावून फाडून टाकत. ज्याच्याकडे कार्ड नाही तो पकडला जाणार, आणि सगळ्यांचीच कार्डं गेली तर पकडायचं कुणाला? आज सिंगापूरकराच्या खिशात असणारं ‘एनआरआयसी’ हे ओळखपत्र याच कुळातलं. कैदी, हेर, बंडखोर यांच्यासाठी निघालेली युक्ती शाळकरी मुलांपर्यंत आणि आज्यांपर्यंत पोचली, ती अशी एकेका भीतीच्या पायरीने.

आजच्या नियमांचं गाव मात्र मॉन्ट्रियल. तिथल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, यंत्राला वाचता येईल अशा पासपोर्टचा दस्तऐवज १९८० मध्ये काढला. त्याचा क्रमांक ९३०३. २००३ मध्ये या संघटनेने चिपमध्ये साठवायची मुख्य खूण म्हणून बोटाचा ठसा किंवा डोळ्याचं बुबुळ न निवडता चेहरा निवडला. कारण सरळ होतं. चेहरा कुणालाही दाखवायला माणसाची हरकत नसते, आणि जगभरच्या पासपोर्टांत तो आधीपासून होताच. सिंगापूरने १५ ऑगस्ट २००६ पासून चिपचा ‘बायोपास’ द्यायला सुरुवात केली. भारतीयांना आयकाओचा हिसका बसला तो हस्तलिखित पासपोर्टांवरून. वीस वर्षांच्या मुदतीचे ते पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५ नंतर परदेशांत चालणार नाहीत असं झालं, आणि मुदत शिल्लक असूनही अनेकांना नवे काढावे लागले.

पाहणारा बदलला की फोटोही बदलतो. इमिग्रेशनचा साहेब हसरा चेहरा ओळखू शकतो. यंत्र डोळे, नाक, ओठांचे कोपरे यांतली अंतरं मोजतं, आणि हसलं की ओठ फाकतात, गाल वर चढतात, डोळे बारीक होतात. म्हणून हसायचं नाही. चष्म्याच्या काचेवर दिव्याचा ठिपका आला की बुबुळच हरवतं. मागची भिंत पांढरी हवी, कारण केस कुठे संपले आणि भिंत कुठे सुरू झाली हे यंत्राला कळायला हवं. हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेल्या सेल्फीत नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात. म्हणून फोटोवाला चार पावलं मागे सरतो. सिंगापूरचा नियम सांगतो: फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, चेहरा हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत २५ ते ३५ मिलिमीटर, आणि फोटो तीन महिन्यांच्या आतला. ऑनलाइन अर्जाला ४०० बाय ५१४ पिक्सेल. पगडी किंवा तुडुंग, म्हणजे मुस्लिम स्त्रियांचा डोक्यावरचा रुमाल, धर्माप्रमाणे चालतो, चेहरा झाकला नाही म्हणजे झालं.

नियमांमागचं शास्त्र एक, पण सरकारं अनेक. सिंगापुरातल्या मराठी घरांना याचा चांगलाच अनुभव आहे. मूल सिंगापूरचं नागरिक असेल तर त्याच्या पासपोर्टला आयताकृती फोटो, मागे पांढरं. त्याच मुलाच्या ओसीआय कार्डाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं त्या कार्डाला, चौरस, दोन इंच बाय दोन इंच, मागे फिका रंग, पण पांढरा नको. आईबाबांना भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा हवा तर पुन्हा चौरस, आणि मागे पुन्हा पांढरं. पुण्यात किंवा नाशकात पासपोर्ट काढणाऱ्याला ही दगदग नाही. पासपोर्ट सेवा केंद्रात काउंटरवरच फोटो काढतात; चार वर्षांखालच्या मुलांचा तेवढा घरून न्यावा लागतो. परदेशातल्या भारतीय वकिलातींनी सप्टेंबर २०२५ पासून आयकाओच्या मापाचा आग्रह धरला आहे: ६३० बाय ८१० पिक्सेल, आणि फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग चेहऱ्याचा. सिंगापूरचा फोटो ज्या प्रमाणात असतो त्याच प्रमाणातला हा, पण त्यात चेहरा अधिक जवळून. त्यामुळे दुकानात गेल्यावर ‘पासपोर्टचा फोटो’ एवढं सांगून भागत नाही. कुठला देश आणि कुठलं काम, हे आधी विचारलं जातं.

इकडे चांगी विमानतळावर सिंगापूरच्या रहिवाशांना २०२४ पासून पासपोर्ट बाहेर काढायचीही गरज उरलेली नाही. चेहरा आणि बुबुळ पाहून फाटक उघडतं. फोटो आता पुस्तिकेत कमी आणि सरकारच्या संगणकात जास्त राहतो. पण ही सोय सहा वर्षांवरच्यांना. त्याहून लहान मुलांची गोष्ट निराळी आहे, आणि या सगळ्या शिस्तीची खरी परीक्षा तिथेच होते.

तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो काढताना कधी पाहा. त्याला पांढऱ्या चादरीवर उताणं निजवतात आणि फोटोवाला स्टुलावर चढून वरून कॅमेरा धरतो. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, तोंडात चोखणी नको, आईचा हात दिसायला नको. आई पलीकडून खुळखुळा वाजवते, बाळ त्याच दिशेला मान वळवतं, आणि तो फोटो बाद होतो. मग बाबा फोटोवाल्याच्या डोक्यामागे उभं राहून टाळ्या वाजवतात. केव्हातरी एका क्षणी बाळ सरळ वर बघतं आणि नियमात बसणारा फोटो मिळतो.

सिंगापुरात सोळा वर्षांखालच्यांचा पासपोर्ट पाच वर्षांचा. म्हणजे हाच फोटो घेऊन ते मूल बालवाडीत जाईपर्यंत परदेशी फिरतं. काउंटरवरच्या अधिकाऱ्यापुढे एक बोलकं, दात आलेलं, केस वाढलेलं पोर उभं असतं आणि फोटोत एक टकलं बाळ. माप बिनचूक, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र, सावली नाही, आणि दोघांत साम्य शोधूनही सापडत नाही. अशा वेळी अधिकारी मुलाला नाव विचारतो, त्याच्या आईबाबांकडे पाहतो, त्यांचे पासपोर्ट पाहतो आणि शिक्का मारतो. फोटोने जे सांगायचं ते इथे सोबतच्या माणसांनी सांगितलेलं असतं. दीडशे वर्षं फोटोकडून जी अपेक्षा ठेवली गेली, की कुणाचीही साक्ष न घेता त्याने माणूस ओळखून द्यावा, ती मोठ्यांच्या बाबतीत यंत्राने बरीचशी पुरी केली. लहानांच्या बाबतीत अजून ओळखीचं माणूसच लागतं.