मंदीतली घरमालकीण : ब्लॅकपूल, १९२९ ते १९३९

आजचा विषय थोडा वेगळा आहे. मंदीचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण शेअर बाजार, बँका आणि बंद पडलेल्या गिरण्यांबद्दल बोलतो. आज आपण एका बाईच्या स्वयंपाकघरातून त्याच मंदीकडे बघणार आहोत. ही बाई इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, ब्लॅकपूल नावाच्या गावात राहते. चार-पाच खोल्यांचं घर आहे, आणि उन्हाळ्यात त्या खोल्या ती आठवड्याच्या बोलीवर सुट्टीला आलेल्या लोकांना देते. आज कुणी ॲपवर घर लावतं, तोच हा धंदा. ॲप नव्हतं, एवढाच फरक. आणि या बाईच्या धंद्याला बसलेल्या फटक्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो, म्हणूनही हा भाग.

आधी गाव समजून घेऊ. ब्लॅकपूलला रेल्वे आली १८४६ मध्ये. १८९४ मध्ये ५१८ फुटांचा मनोरा उभा राहिला, पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून सुचलेला. समुद्रात शिरणारे तीन लांब धक्के बांधले गेले, विजेची ट्राम आली, नाचघरं आली. १८७९ मध्ये तर या गावाने पार्लमेंटकडून एक अजब हक्क मिळवला होता : घरपट्टीतला थोडा भाग गावाच्या जाहिरातीवर खर्च करण्याचा. सरकारी पैशाने 'आमच्याकडे या हो' असं सांगणारी नगरपालिका त्या काळात दुर्मीळच. १९३० च्या दशकात गावाची वस्ती लाखाच्या आसपास होती आणि वर्षाला सत्तर लाख लोक तिथे येतात असं सांगितलं जायचं.

हे सत्तर लाख कोण? बहुतेक गिरणी कामगार. लँकेशायर म्हणजे जगाला कापड पुरवणारा मुलूख. तिथे एक प्रथा होती, 'वेक्स वीक'. मुळात ती गावच्या चर्चची जत्रा. पुढे गिरण्या आल्या तेव्हा मालकांनी बघितलं की जत्रेच्या दिवसांत कामगार येतच नाहीत, मग तो आठवडा गिरणीच बंद ठेवलेली बरी. त्यात बॉयलर साफ होतो, यंत्रं दुरुस्त होतात. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आज बर्नली, मग ब्लॅकबर्न, मग बोल्टन, मग ओल्डहॅम, असं एकेक गाव रिकामं होऊन ब्लॅकपूलला उतरायचं. दुकानं बंद, रस्ते सुने, शेजारी-पाजारी सगळे एकाच किनाऱ्यावर.

ही सुट्टी बिनपगारी होती, हे इथे लक्षात ठेवा. गिरणी बंद म्हणजे पगार बंद. म्हणून कामगार वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे एका मंडळात भरायचे आणि सुट्टीच्या आदल्या आठवड्यात सगळी रक्कम उचलायचे. आपली भिशीच म्हणा ना. घरमालकिणीचा धंदा या भिशीवर चालायचा.

आता घरात शिरू. या धंद्यातली जुनी पद्धत मला फार आवडते. तिचं नाव 'अपार्टमेंट्स', पण फ्लॅट असा अर्थ नाही. पाहुण्याने पलंगाचं भाडं द्यायचं. जेवणाचं सामान त्याने स्वतः बाजारातून आणायचं, त्यावर आपलं नाव लिहायचं आणि मालकिणीच्या हाती द्यायचं. ती ते शिजवून देणार. म्हणजे एका चुलीवर सहा कुटुंबांची सहा वेगळी जेवणं! कुणाचे चार बटाटे, कुणाचा माशाचा तुकडा, कुणाच्या मुलाची लापशी, आणि यातलं काही इकडचं तिकडे झालं की संपलंच. शिवाय आठवड्याच्या शेवटी बिलात काही बारीक आकार दिसायचे. गरम पाण्याचे वेगळे पैसे. टेबलावरच्या मीठ-मिरी-व्हिनेगरच्या स्टँडचेही वेगळे पैसे. या मिठाच्या पैशांवरून इंग्लंडच्या विनोदी रंगमंचाने कित्येक वर्षं हशा मिळवला. जाड, कडक, दारात हात कमरेवर ठेवून उभी असलेली ब्लॅकपूलची घरमालकीण हे तिथल्या विनोदातलं ठरलेलं पात्र, आपल्याकडच्या खाष्ट सासूसारखं.

पण ती मिठाचे पैसे का घ्यायची, हा हिशोब कुणी मांडत नव्हतं. तो मांडून बघू. हंगाम फार तर तीन-चार महिन्यांचा, त्यातही घर खरोखर भरलेले आठवडे दहा-बारा. घराचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने. कोळसा, घरपट्टी, चादरी धुणं, फुटलेल्या कपबश्या. दहा आठवड्यांत बावन्न आठवड्यांचे पैसे काढायचे. म्हणून भर हंगामात घरचे लोक आपल्या खोल्या सोडून माळ्यावर किंवा स्वयंपाकघरात झोपायचे. मुली पहाटे उठून चुली पेटवायच्या, वर गरम पाण्याचे जग न्यायच्या, आणि त्यांना पगार नसायचा. नवरा असला तर बाहेर कुठे काम करायचा, संध्याकाळी बूट पुसायचा. मीठ-मिरीचे पैसे म्हणजे जानेवारीतला कोळसा होता.

या बायकांपैकी कितीतरी जणी स्वतः गिरणगावांतून आलेल्या होत्या. तरुणपणी मागावर उभ्या राहिलेल्या, थोडी पुंजी साठवून किनाऱ्यावर घर घेतलेल्या. त्यांच्याकडे त्यांच्याच गावचे लोक उतरायचे, तेही दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच खोलीत. निघतानाच पुढच्या वर्षाची खोली सांगून ठेवायचे. जॉन वॉल्टन या इतिहासकाराने १९७८ मध्ये ब्लॅकपूलच्या घरमालकिणीवर आख्खं पुस्तक लिहिलं. तोवर या बाईकडे विनोदाचा विषय म्हणूनच बघितलं जायचं. एखादीचं गिऱ्हाईक एकाच गिरणगावचं असणं ही चांगल्या दिवसांतली मोठी निश्चिंती होती. वाईट दिवसांत तीच गळ्याशी आली.

ती कशी, त्यासाठी आपल्याला भारतात यावं लागेल. १९१३ साली लँकेशायरने भारताला सुमारे ३ अब्ज यार्ड कापड विकलं. पहिल्या महायुद्धात तो माल यायचा कमी झाला आणि मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, इंदूर इथल्या गिरण्यांनी जागा भरून काढली. जपानी कापड आलं. भारत सरकारने आयात जकात वाढवली. १९२९ मध्ये जागतिक मंदी सुरू झाली, शेतमालाचे भाव कोसळले, आपल्या शेतकऱ्याकडे कापडाला पैसा उरला नाही. आणि १९३० मध्ये सविनय कायदेभंगाबरोबर विदेशी कापडावरचा बहिष्कार आला. १९३१ मध्ये तो ३ अब्जांचा आकडा ४० कोटींच्या आसपास उतरला होता. ब्लॅकबर्न, डार्वेन, नेल्सन, बर्नली ही विणकामाची गावं, आणि त्यांतली बरीचशी भारतासाठीच धोतरं आणि साधं कापड विणणारी. ब्लॅकबर्नमध्ये १९३१ च्या सुमारास जवळजवळ निम्मे कामगार बेकार होते.

सगळा दोष बहिष्काराचा, असं तिथले गिरणीमालक सांगत. ते खरं नव्हतं, कारण जपान, जुनी यंत्रं आणि मंदी ही कारणं त्याहून मोठी होती. पण बहिष्काराचा काहीच परिणाम नव्हता, असं आपण म्हणत असलो तर तेही खरं नाही.

गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. २१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने सुवर्णमान सोडला आणि त्याच आठवड्याच्या शेवटी गांधीजी लँकेशायरला गेले, डार्वेनजवळ राहिले, बेकार कामगारांना भेटले. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हात उंचावून हसताहेत, तो प्रसिद्ध फोटो तिथलाच. त्यांनी कामगारांना सरळ सांगितलं : तुमचे तीस लाख बेकार आहेत, आमचे तीस कोटी वर्षातले सहा महिने बेकार असतात. कामगारांना ते पटलं की नाही हा वेगळा प्रश्न, पण त्यांनी माणसाचं स्वागत केलं. डार्वेनपासून ब्लॅकपूल चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. फोटोतल्या बायकांसारख्याच कितीतरी जणींचा जत्रेचा आठवडा तिथल्या किनाऱ्यावर जायचा, आणि आता काम नव्हतं म्हणजे भिशीही नव्हती.

मग ब्लॅकपूल ओस पडलं का? नाही. आणि इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. ब्रिटनमधली मंदी सगळीकडे सारखी नव्हती. ज्याची नोकरी गेली तो बुडाला. ज्याची टिकली त्याच्यासाठी वस्तू स्वस्त झाल्या आणि पगाराची किंमत उलट वाढली. मिडलंड्सच्या मोटार आणि वीज-उपकरणांच्या कारखान्यांत कामं होती. म्हणजे नेल्सनच्या विणकरांवर विसंबलेली बाई रडकुंडीला आलेली असताना शेजारच्या गल्लीत, जिच्याकडे बर्मिंगहॅमचे लोक येत, तिची घंटा वाजत होती. शिवाय गर्दी आणि मुक्काम यांत फरक आहे. स्वस्त रेल्वे सहली आणि मोटार-कोचमुळे लोक सकाळी येऊन रात्री परत जायला लागले. त्यांचे पैसे आईसक्रीमवाल्याला, धक्क्यावरच्या खेळांना, किंवा १९३२ मध्ये तिथे पिंपात बसून स्वतःचं प्रदर्शन मांडणाऱ्या एका वादग्रस्त पाद्रीबाबांना मिळाले (हा प्रकार खरोखर घडला). पलंग रिकामाच राहिला.

अशा वेळी मालकिणीच्या हातात काय होतं? भाव उतरवणं हा पहिला मार्ग, आणि तो सगळ्यांनीच धरला की कुणाच्याच कामाचा राहत नाही. जुनी अपार्टमेंट्सची पद्धत काटकसरी कुटुंबांना सोयीची होती, कारण जेवणाचा खर्च त्यांच्या हातात राहायचा. पण नव्या गिऱ्हाइकाला बाजारात पिशवी घेऊन फिरायचं नव्हतं. त्याला पूर्ण जेवणासह एकच दर हवा होता. जिच्याकडे थोडं भांडवल होतं, किंवा कर्ज मिळालं (१९३२ मध्ये बँकदर २ टक्क्यांवर आला होता), तिने खोल्याखोल्यांत गरम आणि थंड पाण्याचे नळ बसवले आणि दारावरची पाटी बदलून 'प्रायव्हेट हॉटेल' केली. जिच्याकडे नव्हतं तिने मुलीची शाळा सोडवली आणि मोलकरीण कमी केली. मंदीने धंदा मारला नाही, धंद्यातल्या बायकांचे दोन भाग केले.

आणि सरकारी मदत? १९३१ च्या 'ॲनॉमलीज' कायद्याने विवाहित स्त्रिया आणि हंगामी कामगार यांचा बेकारी भत्ता मिळवण्याचा हक्क फार आवळला. ब्लॅकपूलसारख्या गावात या दोन वर्गांत न बसणारी बाई शोधावी लागली असती. त्याच वर्षी आलेल्या मिळकत चौकशीत घरातल्या सगळ्यांची कमाई मोजली जाई, भाडेकरूकडून आलेले पैसेसुद्धा. खोली दिली तर भत्ता कापला जाणार, नाही दिली तर पोट कसं भरणार!

नगरपालिकेने मात्र एक हुशारी केली, आणि ती तिने मंदीतही आवरली नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किनारा दिव्यांनी सजवायचा. १९१२ मध्ये सुरू झालेली ही रोषणाई महायुद्धात थांबली, १९२५ ला परत आली. १९३२ मध्ये तिच्यात हलते देखावे आले. १९३४ मध्ये लॉर्ड डर्बींच्या हस्ते कळ दाबून उद्घाटन झालं, आणि तो पायंडाच पडला. थंडी पडायला लागलेली, समुद्रात उतरायची सोय नाही, तरी लोक दिवे बघायला येत. घरमालकिणीला यातून मिळाले पाच-सहा आठवडे. दहा आठवड्यांच्या हंगामात पाच-सहा आठवड्यांची भर म्हणजे काय, हे वरचा हिशोब ऐकलेल्यांना सांगायला नको.

१९३४ चाच एक सिनेमा आहे, 'सिंग ॲज वी गो'. ग्रेसी फील्ड्स नायिका. गिरणी बंद पडते, ती सायकलवर बसून ब्लॅकपूलला येते आणि एका बोर्डिंग हाऊसमध्ये मोलकरणीचं काम धरते. शेवटी गिरणी परत सुरू होते, सगळे गात आत जातात. प्रत्यक्षात लँकेशायरच्या बऱ्याच गिरण्या परत सुरू झाल्या नाहीत.

आपल्याकडे असं काही होतं का? होतं, फक्त सुट्टीचं नव्हतं. लालबाग-परळच्या खानावळवाल्या आठवा. कोकण-घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवत, आणि संप झाला की उधारी तुंबायची. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. लँकेशायरची गिरणी आणि मुंबईची गिरणी एकमेकींच्या वैरी, पण दोन्हीकडे बंद फाटकाचा फटका जिला बसे ती बाई एकच काम करत होती.

ब्लॅकपूलचं पुढे काय झालं? १९३८ मध्ये पगारी सुट्टीचा कायदा झाला. १९३९ पर्यंत एक कोटीहून अधिक कामगारांना पगारी सुट्टी मिळायला लागली. घरमालकिणी १९४० च्या हंगामाची स्वप्नं बघत असतील, तेवढ्यात सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं आणि किनाऱ्यावरचे दिवे विझले. त्या महिन्याच्या २९ तारखेला सरकारने देशभर नावनोंदणी केली. लाखो विवाहित बायकांच्या नावापुढे धंद्याच्या रकान्यात लिहिलं गेलं : 'बिनपगारी घरकाम'. आणि मग हवाई दलाचे रंगरूट आले. युद्धाच्या काळात साडेसात लाखांच्या आसपास तरुणांचं प्राथमिक प्रशिक्षण ब्लॅकपूलमध्ये झालं, आणि ते राहिले याच बायकांच्या घरात, सरकारने ठरवलेल्या दराने. दर कमी होता, पण पलंग जानेवारीतही भरलेला होता.