तीन जीपगाड्यांची एक जीप

फुलचूरला मामाच्या घरामागे, धानाच्या कोठीला लागून एक जीप उभी आहे. चार वर्षांपासून उभीच आहे. टायर मातीत रुतले, बोनेटवर कोंबड्या बसतात. मागच्या आठवड्यात भंगारवाला येऊन किलोच्या भावाने आकडा सांगून गेला. मामाने रात्री फोन केला, "बाबू, तू पेपरवाला आहेस, सांग बरं. ही गाडी नेमकी कोणती गाडी आहे? कागदावर एक, खालून दुसरी."

मला उत्तर देता आलं नाही. नंतर चार दिवस त्यातच डोकं घातलं. म्हणून ही लांब पोस्ट. ज्यांच्या घरी कधी जीप होती त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आधी गाडीची कुंडली. कागदावर ती १९६४ ची महिंद्रा जीप, सीजे-३बी. उंच बोनेटवाली, मूळची पेट्रोल. मामाने १९८३ साली एका ठेकेदाराकडून घेतली. इंजिन पुढे डिझेल झालं, त्याची नोंद रीतसर पुस्तकात आहे. पुढचा एक्सल १९९१ मध्ये बदलला, तो एका डिस्पोजलच्या जीपचा. आणि १९९८ मध्ये खालची फ्रेम म्हणजे चेसिसच बदलली, ती तिसऱ्याच गाडीची. एक्सल आणि फ्रेम, दोन्हींची नोंद कुठेच नाही.

आता कोणी म्हणेल, हा तर देशी जुगाड. पण जुगाडाच्या आधी एक इतिहास आहे आणि तो अमेरिकन लष्कराचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जीपचा आराखडा विलीज कंपनीचा होता. एकटी विलीज पुरी पडेना, म्हणून लष्कराने फोर्डलाही त्याच आराखड्यावर जीप बनवायला लावल्या. एका कंपनीचा भाग दुसरीच्या गाडीला बसला पाहिजे, ही लष्कराची गरज होती. रणांगणात दोन मोडक्या जीपांतून एक चालती करता आली पाहिजे. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. म्हणजे अदलाबदल ही त्या गाडीच्या जन्मातच होती, आपल्या मिस्त्र्यांनी ती फक्त पन्नास वर्षं जास्त चालवली.

जीपची रचनाच तशी. खाली शिडीसारखी फ्रेम, दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. फ्रेमखाली कमानी, कमानींना यू-बोल्टने बांधलेले दोन एक्सल, वर बोल्टवर बसवलेली बॉडी. पाने-जॅक असले आणि चार माणसं हाताशी असली की आंब्याच्या झाडाखाली गाडी सुटी होते. आजच्या बहुतेक गाड्यांत बॉडी आणि चेसिस एकच असते, तिथे हा खेळ नाही.

युद्ध संपल्यावर दोस्त सैन्याच्या जीप हिंदुस्थानात पडून राहिल्या आणि लिलावात निघाल्या. "डिस्पोजलची जीप" हा शब्द तेव्हापासूनचा. मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मदने (१९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा) माझगावात विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. पुढे इथेच बनू लागल्या. पण आराखड्याचा कणा तोच राहिला. म्हणून १९४४ च्या फौजी जीपचा पुढचा एक्सल १९६४ च्या महिंद्राखाली बसतो. कंपनीने एफसी-१५० सारखे पिकअपही काढले, त्यांचेही भाग इकडून तिकडे फिरले.

थोडं विषयांतर करतो, कारण ते मजेशीर आहे. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा कोणता? जीपचाच. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी जुन्या, दुरुस्त करून देणार असलेल्या २००० जीपांचा करार केला. आल्या फक्त १५५, आणि त्याही वापरण्यालायक नव्हत्या. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण बंद झाल्याचं सांगितलं. दुसऱ्याच वर्षी मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. लंडनहून आलेल्या १५५ जीप एका देशाच्या फौजेला चालवता आल्या नाहीत. आणि आपल्याकडचा मिस्त्री लिलावातल्या सांगाड्यातून गाडी उभी करत होता. असो.

आपल्या भागात जीप शौकासाठी नव्हती. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यात, म्हणजे फळीवरून पुडके उचलायचे तर नाले कोरडे पण वाळू चाकभर. धानाचा हंगाम पावसाचा, म्हणजे बांधीतला चिखल. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात चारही चाकांना ताकद मिळत नसेल तर गाडी मे महिन्यातही अडते आणि ऑगस्टमध्येही. मामाची जीप पत्त्याचे बोद वाहायची, लग्नाचं वऱ्हाड न्यायची, निवडणुकीत भाड्याने लागायची. आणि रात्री-बेरात्री बाळंतीण बाई घेऊन गोंदियाला यायची. माझी धाकटी मामेबहीण जन्मता जन्मता दवाखान्यात पोचली ती याच गाडीतून. ती अजूनही म्हणते की माझा पहिला पाळणा फोरव्हील होता.

आता एक्सलची गोष्ट. १९९१ च्या हंगामात दरेकसाच्या बाजूला पुढचा एक्सल दगडावर आपटून फुटला. नवा घ्यायची ऐपत नव्हती. मामाने नागपूरहून डिस्पोजलचा एक्सल आणला, गावच्या मिस्त्रीने दोन दिवसांत बसवला. मी तेव्हा शाळेत होतो, कंदील धरायला मीच होतो. गाडी डांबरी रस्त्यावर साध्या गिअरमध्ये मस्त चालली. फोरव्हील टाकला की स्टिअरिंग जड, डबा गरम, आणि दांडा काढायला गेलं तर निघता निघेना. मिस्त्रीने क्रॉस बदलले, बेअरिंग बदललं, तेल बदललं. काही नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला आणलं. त्याने दोन्ही एक्सलांचे झाकण उघडायला लावले आणि आम्हा पोरांना क्राउनचे दात मोजायला बसवलं. मागच्यात त्रेचाळीस, पुढच्यात एकोणचाळीस. पिनियनला दोन्हीकडे आठच. तो हसला. "भाऊ, पुढचं पाय एक रस्ता चालून राहिला, मागचं दुसरा. भांडण होणारच."

हिशेब सोपा आहे. फौजी जीपचा मेळ आठ-एकोणचाळीसचा, नंतरच्या सीजेचा आठ-त्रेचाळीसचा. फोरव्हीलमध्ये दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, म्हणजे मागचं चाक ३९ फेरे घेईल तेवढ्यात पुढचं ४३ घ्यायला बघतं. चिखलात चाक घसरून ते भांडण मिटतं, डांबरावर मिटत नाही, सगळा ताण दात आणि क्रॉसवर येतो. म्हाताऱ्याने जुन्या फुटक्या एक्सलमधलं क्राउन-पिनियन नव्या एक्सलच्या पोटात बसवलं आणि गाडी शहाणी झाली. दात मोजणं ही एवढीच विद्या होती, पण ती ज्याच्याकडे नव्हती त्याच्या हातून कित्येक गाड्या फुटल्या असतील.

जबलपूरचा उल्लेख केल्याशिवाय आपल्याकडचा फोरव्हीलचा इतिहास होत नाही. सैन्यासाठीची जोंगा तिथल्याच कारखान्यात बनली, मूळ आराखडा निसान पेट्रोलचा. नावही जबलपूरच्या त्या कारखान्यांच्या इंग्रजी नावातल्या अक्षरांवरून. फौजेतून निघालेल्या जोंगा लिलावात आल्या की लोक घ्यायचे, मग चार लिटरच्या आसपासचं सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन परवडेना म्हणून डिझेल बसवायचे. जोंगाचे एक्सल दणकट, पण जीपखाली सरळ बसत नाहीत, कापाकापी करावी लागते. म्हाताऱ्या मिस्त्रीचं मत होतं की कापून बसवलेला एक्सल म्हणजे उसनं अवसान. मला ते पटतं.

आता फ्रेमकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. १९९८ मध्ये फ्रेमला स्टिअरिंगच्या डब्यापाशी तडा गेला. पट्टी मारून वेल्डिंग केलं, पुन्हा बाजूलाच फाटलं. ओव्हरलोड, दुसरं काय. मग भंगारातून तशीच एक फ्रेम आणली. त्या फ्रेमवर तिचा स्वतःचा नंबर होता. मिस्त्रीने काय केलं, तर जुन्या फ्रेमवरचा नंबराचा तुकडा कापून नव्यावर जोडला. मामा म्हणतो, "गाडी माझी, नंबर माझा, चोरी कशाची?" तेव्हा आपला जिल्हाही भंडारा होता, कागदासाठी तिकडे कोण जाणार, हाही विचार असेलच.

पण पेपरवाला म्हणून मला हे लिहावंच लागेल. चोरीची गाडी मुरवायची पद्धत अगदी हीच असते. अपघातात गेलेल्या गाडीचा नंबराचा तुकडा कापायचा आणि चोरीच्या फ्रेमवर जोडायचा. चेसिसचा नंबर हाच गाडीचा जन्मदाखला. कायद्याला इंजिन बदललेलं परवानगी घेऊन चालतं, फ्रेम बदलली की ती गाडीच दुसरी. वेल्डिंगची रेष बघून प्रामाणिक मामा आणि चोर यांतला फरक कोणालाही ओळखता येत नाही. चार वर्षांपूर्वी नोंदणी वाढवायला नेली तेव्हा तपासणाऱ्याने नंबरावर पॉलिश पेपर घासला, रेष दिसली, फाइल थांबली. मामाला राग आला. मला वाटतं तो माणूस बरोबर होता.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच वाढत नाही, म्हणजे लिलावातून सुटे भाग मिळण्याचा तो झराही आटला.

मी मामाला म्हटलं होतं, गाडी पन्नास वर्षांच्या वरची आहे, व्हिंटेजमध्ये नोंदवू. जुलै २०२१ मध्ये त्याचे नियम आले आहेत. वाचले तर त्यात अट आहे: गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे शहरात शेडमध्ये झाकून ठेवलेली, वर्षातून एकदा रॅलीला निघणारी जीप वारसा ठरते. साठ वर्षं राबली, मोडली, जोडली, बाळंतिणी वाहिल्या ती ठरत नाही. नियम करणाऱ्यांचं मूळपणाचं कारण मला समजतं, पण राबणाऱ्या गाडीचं मूळपण टिकणार कसं? फ्रेम बदलल्याची उघड नोंद करायची, दोन्ही नंबर लिहायचे, पोलिसांकडून तपासून घ्यायचे आणि गाडी रस्त्यावर न आणता फक्त जतन करायची, एवढा एखादा रकाना असता तर मामासारख्यांनी खोटा तुकडा जोडण्याऐवजी खरं सांगितलं असतं.

काल गेलो होतो फुलचूरला. सालेकशाकडचा एक शेतकरी आला होता. त्याला पूर्ण गाडी नको, फक्त पुढचा एक्सल हवा, त्याच्या जीपसाठी. त्याने खाली वाकून काजळी पुसली आणि आम्हाला बोलावलं. हाउसिंगच्या बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी 'एफ' कोरलेला आहे. फोर्ड त्या काळात आपल्या जीपच्या भागांवर, बोल्टांवरसुद्धा हे अक्षर उठवायची. म्हणजे १९९१ मध्ये मी कंदील धरला होता तो युद्धातल्या फोर्डच्या एक्सलवर. तेहतीस-चौतीस वर्षं आमच्या घरामागे होता, आम्हाला पत्ता नाही.

शेतकऱ्याला मी एवढंच सांगितलं की आधी तुमच्या मागच्या क्राउनचे दात मोजा. तो म्हणाला मोजून आलोय, त्रेचाळीस आहेत. मामा मात्र अजून हो म्हणाला नाही. शेतकऱ्याला चहा पाजला, पुढच्या रविवारी ये म्हणाला, आणि तो गेल्यावर बोनेटवरच्या कोंबड्या हाकलून बसला.

बोल्टचा फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकतो. तुमच्या जुन्या जीपखाली असं अक्षर असेल तर तुम्हीही टाका.