राखुंडी, मशेरी आणि ट्यूब : दातांच्या निमित्ताने ‘नैसर्गिक’ या शब्दाचा इतिहास

संगमेश्वरात इतिहासावर व्याख्यान म्हटलं की लोक १६८९ सालाची अपेक्षा ठेवून येतात. कसब्यात संभाजी महाराज मोगलांच्या हाती लागले, तो प्रसंग. आज आम्ही बोलणार आहोत दात घासण्याबद्दल. हसू आलं तरी हरकत नाही. पण गेली काही वर्षं एक प्रश्न घरोघरी ऐकू येतो : ‘नेहमीची पेस्ट बंद करून नैसर्गिक घ्यावी का? निदान मुलांसाठी तरी?’ प्रश्न आजचा वाटतो, पण त्याच्यामागे बराच इतिहास आहे. तो पाहिला तर निर्णय घेणं थोडं सोपं होतं, असं आमचं मत आहे.

सुरुवात परसदारापासून करू. आपल्या आजी-पणजीच्या काळात दात घासायला काय होतं? आंब्याचं पान, करंजाची काडी, मीठ, चुलीतली राख, शेणीची राखुंडी, भाताच्या तुसाचा कोळसा. यांतल्या काड्यांना शास्त्राचा आधारही होता. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात वड, रुई, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांची दातवणं सांगितली आहेत. काडी करंगळीएवढी जाड आणि बारा अंगुळं लांब असावी, तिचं टोक चावून मऊ करावं आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. ताप, खोकला, दमा, उलटी, अजीर्ण असेल किंवा तोंड आलं असेल, तर दातवण वापरू नये, हेही तिथेच लिहिलं आहे. म्हणजे ‘झाडाचं आहे, मग चालतंय की’ असं तो ग्रंथ म्हणत नाही. काय वापरायचं, किती, कसं आणि कोणी वापरायचं नाही, हे तो सांगतो.

राखेचं काय? तुसाच्या राखेत बहुतेक भाग सिलिकाचा असतो. तिनं दात पांढरे दिसतात, कारण ती घासते. पण रोज तेवढ्याच जोरानं घासलं तर दातावरचं कठीण आवरणही झिजतं, आणि ते पुन्हा येत नाही. मग गार पाणी प्यालं तरी दात शिवशिवतात. आज बाजारात कोळशाची महागडी ‘नैसर्गिक’ पेस्ट मिळते. तिच्या बाबतीतही दंतवैद्य हीच काळजी बोलून दाखवतात.

आता त्याच फळीवरच्या दुसऱ्या डबीकडे येऊ. मशेरी. तवा तापवायचा, तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं दात-हिरड्यांना लावायची. यात कारखाना नाही, रंग नाही, रसायनाची बाटली नाही. आजच्या जाहिरातीच्या भाषेत बोलायचं तर मशेरी शंभर टक्के नैसर्गिक, घरगुती आणि पारंपरिक आहे.

पण ही परंपरा किती जुनी? तंबाखू हे मूळचं अमेरिकेतलं झाड. पोर्तुगिजांबरोबर ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आलं. १६०४-०५च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदारानं अकबराच्या दरबारात तंबाखू नेली, ती विजापूरहून. त्या वेळी आपला हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीकडेच होता. शिवाजी महाराजांनी संगमेश्वर घेतलं ते १६६१ साली. शास्त्री आणि सोनवीच्या या संगमावर जयगडच्या खाडीतून गलबतं येत. पुढे नदी गाळानं भरत गेली, पण एके काळी हे चांगलं नांदतं बंदर होतं. सांगायचं एवढंच की, ज्याला आपण पूर्वापारचं म्हणतो ते चारशे-सव्वाचारशे वर्षांपलीकडे जात नाही, आणि ते समुद्रापलीकडून आलेलं आहे.

मशेरी घराघरांत टिकली कशी, हेही समजून घ्यायला हवं. कोकणातला पुरुष मुंबईला गिरणीत. बाई मागे राहिली, शेत आणि घर सांभाळत. तिनं विडी ओढली असती तर गाव बोललं असतं. दात घासण्याला कोण नावं ठेवणार? मशेरीनं भूक मरते, थकवा काही वेळ जाणवत नाही. मग सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री झोपताना एकदा. तंबाखूचं व्यसन स्वच्छतेच्या नावानं चुलीपाशी येऊन बसलं. त्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना हे मंजन म्हणूनच हाती मिळालं होतं.

त्याची किंमत मात्र मोठी आहे. धूरविरहित तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो, हे आता निर्विवाद आहे. मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. अशी तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, आणि त्यांतल्या बहुतेकींची तंबाखू म्हणजे मशेरीच होती. १९९२ साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी घातली. प्रकरण न्यायालयात गेलं. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. पण घरच्या तव्यापर्यंत हा कायदा पोचत नाही. तिथे घरातल्या माणसांनीच बोलावं लागतं.

आता ट्यूबकडे. गंमत अशी की, राखुंडीला त्या काळी कुणी ‘नैसर्गिक’ म्हणत नव्हतं. समोर दुसरं काही असल्याशिवाय असा शब्द लागतच नाही. आधी जोडी आली ती देशी-विलायतीची. स्वदेशीच्या चळवळीनंतर, १९१६ साली, कलकत्ता केमिकल ही कंपनी निघाली आणि तिनं कडुनिंबाची टूथपेस्ट बाजारात आणली. १९३७ साली कोलगेट भारतात आली. चाकरमान्यांच्या ट्रंकेतून ब्रश आणि ट्यूब गावोगाव पोचली. १९५२ साली केशव विष्णु पेंढरकर यांनी मुंबईत विको सुरू केली आणि वनस्पतींचं वज्रदंती मंजन घरोघर फिरून विकलं. पुढे अबकारी खात्याशी त्यांचा वाद झाला : हे औषध की सौंदर्यप्रसाधन? तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल विकोच्या बाजूनं, म्हणजे आयुर्वेदिक औषध असा लागला. ध्यानात घ्या, तो वाद कराचा होता. या मंजनानं कीड किती थांबते, हा त्यातला प्रश्न नव्हता. अलीकडे पतंजलीची दंतकांती खपू लागल्यावर २०१६ साली कोलगेटनंही ‘वेदशक्ती’ काढली. म्हणजे आता एकाच कंपनीकडून तुम्ही ‘रासायनिक’ही घेऊ शकता आणि ‘नैसर्गिक’ही.

मग या शब्दानं आपल्याला काय कळतं? फारच थोडं. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, आणि तेच युजेनॉल दंतवैद्यही दवाखान्यात वापरतात. खडूची पूड दोन्ही तऱ्हेच्या पेस्टमध्ये असते. आणि ज्या फ्लोराइडला लोक घाबरतात ते तर खनिज आहे; आपल्या रोजच्या चहातही ते असतं.

फ्लोराइडचं खरं काय ते सांगतो. पेस्टमधल्या घटकांत कीड रोखण्याचा सर्वांत भक्कम पुरावा त्याचाच आहे. आपल्याकडे पेस्टमध्ये त्याची मर्यादा १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, अशी आहे. त्याचं अतिप्रमाणही वाईट. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे. तिथे मुलांच्या दातांवर डाग पडतात, हाडांवरही परिणाम होतो. म्हणून तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि ती थुंकायला शिकवायची.

तेव्हा बदल करावा का? आमचं उत्तर असं. नावाकडे न बघता ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. आयुर्वेदिक पेस्ट आवडत असेल आणि तिच्यात फ्लोराइड असेल, तर खुशाल घ्या. फ्लोराइड नसेल, तर मूल गोड खातं का, दात किडतायत का, पाणी कुठलं, हे पाहून दंतवैद्याला विचारा. मोठ्यांचे दात धड असतील आणि रात्रीही घासणं होत असेल, तर त्यांना निवड करायला जास्त मोकळीक आहे. खरबरीत पूड, कोळसा, राख रोज नको.

आणि एक विनंती. पेस्ट बदलायची की नाही यावर घरात चर्चा कराल, तेव्हा आजीच्या उशाशी कुठली डबी आहे तेही बघा. तिला ओरडू नका. तिचं तोंड एकदा उजेडात नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, यांतलं काहीही दिसलं तर तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. घरातला सर्वांत नैसर्गिक आणि सर्वांत घातक पदार्थ बहुधा त्याच डबीत असतो.