कॉलेजाचा मालक कोण?

आमचे ओवे गाव पनवेल तालुक्यात, खारघरच्या डोंगरापलीकडे नव्हे, अगदी त्याच्या पायथ्याशी आहे. आज ते पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. पूर्वी येथे भातशेती होती. १९७० नंतर सिडकोने नवी मुंबई वसविण्यास घेतली, जमिनी संपादन झाल्या, आणि पाहता पाहता भाताच्या खाचरांच्या जागी उंच उंच इमारती आल्या. त्यांत कॉलेजेही पुष्कळ आली. सकाळी आमच्या रस्त्याने पाठीवर पिशव्या अडकवलेली मुले-मुली थव्याथव्यांनी जातात तेव्हा बरे वाटते.

गेल्या वर्षी असाच सकाळी पारावर बसलो होतो. शेजारी गावातले एक म्हातारे शेतकरी होते. त्यांचा नातू बारावी झालेला. त्याच्या प्रवेशासाठी ते दोन-तीन कॉलेजांचे उंबरे झिजवून आले होते. समोरच्या इमारतीकडे हात करून त्यांनी मला विचारले, "गुरुजी, या कालेजाचा मालक कोन?"

प्रश्न साधा होता. पण मी गप्प बसलो. मी आहे शाळामास्तर. थोड्याफार कादंबऱ्या लिहिल्या, तरी माझी स्वतःची मजल मॅट्रिकपाशीच थांबली. कॉलेजाची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. तरी तो प्रश्न मनातून जाईना. घराला मालक असतो, दुकानाला मालक असतो, गिरणीला मालक असतो. विद्येच्या घरालाही असतो काय? आणि नसेल, तर तेथे शब्द कोणाचा चालतो?

उत्तर शोधता शोधता मी सव्वाशे-दीडशे वर्षे मागे गेलो. फराळाच्या ताटापाशी बसलेल्या वाचकांना तीच गोष्ट आज सांगावी म्हणतो. गोष्ट भांडणाची आहे. पण भांडणारी माणसे फार मोठी होती.

खासगी शाळेच्या इतिहासात आमच्या पनवेल तालुक्याचाही वाटा आहे. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके आपण जाणतो ते बंडवाले म्हणून. सरकारने त्यांना एडनला पाठविले आणि तेथेच १८८३ साली त्यांचा अंत झाला. पण वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पुण्यात 'पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन' उभी करणाऱ्यांतही फडके होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. सरकारच्या दारात न जाता आपली शाळा आपण काढावी, ही हवा त्या काळच्या पुण्यात होती.

त्याच हवेत १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. सरकारी नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर, त्यांच्याबरोबर बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी. लवकरच वामन शिवराम आपटे आले, गोपाळ गणेश आगरकर आले. पुढच्याच वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र राहिले. त्याच वर्षी चिपळूणकर गेले. वय अवघे एकतीस. पण शाळा थांबली नाही.

शाळा चालली म्हणून कॉलेजाची उमेद आली. कॉलेज काढायचे तर पैसा हवा, आणि पैसा आला की देणाऱ्याचा हातही आत येतो. तेव्हा या मंडळींनी आधी घटना केली आणि मग इमारतीचा विचार केला. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. पहिले अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न. २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. नाव दिले मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे.

आता त्या घटनेतली मख्खी पाहा. देणगी देणाऱ्यांना सोसायटीत मानाची जागा होती. त्यांचे प्रतिनिधी कौन्सिलात बसत. पण रोजचा कारभार होता तो आजीव सभासदांच्या हाती, म्हणजे ज्यांना सगळे 'लाइफ मेंबर' म्हणत त्यांच्या हाती. आणि आजीव सभासद कोण? तर वर्गात खडू घेऊन उभा राहणारा शिक्षक. त्याने वीस वर्षे संस्थेची चाकरी करण्याचा शब्द द्यायचा. पगार महिना पंचाहत्तर रुपये. प्रिन्सिपॉल झाला तरी तो याच मंडळींतला एक. कोणाला घ्यावे, काय शिकवावे, पैसा कोठे खर्चावा, हे सारे मंडळींनी बसून बहुमताने ठरवायचे.

म्हणजे आमच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला १८८५ साली फर्ग्युसनच्या दारात उभे केले असते आणि मालक कोण म्हणून विचारले असते, तर उत्तर मिळाले असते, "मालक कोणीच नाही. जे शिकवतात तेच चालवतात. आणि जे चालवतात त्यांना नियमाबाहेर एक पैसा उचलता येत नाही."

ऐकायला हे फार गोड वाटते. पण पंचाहत्तर रुपयांत संसार करायचा होता. घरी बायको, मुले, आजारपण, पाहुणे. आगरकरांना तर दम्याने पछाडलेले. पगारात थोडी वाढ व्हावी अशी मागणी आली. शिवाय हे सारे विद्वान. कोणी पाठ्यपुस्तक लिही, कोणी कोश रची, कोणी वृत्तपत्र चालवी. त्यातून चार पैसे आले तर ते कोणाचे? शिक्षकाचे की संस्थेचे? वर्गाबाहेरचा वेळ कोणाचा?

येथे टिळकांचे म्हणणे एक होते. त्यांच्यासमोर आदर्श होता तो जेझुइट पाद्र्यांचा. एकदा संस्थेला वाहून घेतले की वेळही तिचा आणि मिळकतही तिची. सर्वांनी सारखे घ्यावे, गरिबीत राहावे. एकाने बाहेर मिळवायला सुरुवात केली की दुसरा करणार, आणि मग संस्था ही पोटापाण्याची एक सोय होऊन बसणार.

आगरकर व त्यांच्या बाजूचे लोक म्हणत, आम्ही शब्द दिला तो नीट शिकविण्याचा. ते काम चोख बजावल्यावर उरलेल्या वेळात माणसाने काय लिहावे, कोणत्या सार्वजनिक कामात पडावे, हे त्याचे त्याला ठरवू द्या. संन्यास घेऊन कोणी येथे आलेले नाही.

वाचकहो, मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा तपासून पाहिल्या आणि प्रत्येक वेळी ज्याचे वाचावे त्याचे खरे वाटे. शिक्षकाच्या घरात राहून पाहिलेल्या माणसाला आगरकरांची अडचण कळते. संस्था मोडताना पाहिलेल्या माणसाला टिळकांची भीती कळते. त्यात सामाजिक सुधारणेचा वाद मिसळला. १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. एका कोठडीत राहिलेले दोन मित्र एका मेजाभोवती बसून एकमेकांशी बोलेनासे झाले.

शेवटची ठिणगी पडली १८९० साली. गोपाळ कृष्ण गोखले हे सर्वांत तरुण सभासदांपैकी, वय चोवीस. त्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले. टिळकांना हे मान्य नव्हते. इतका वेळ खाणारे काम शिक्षकाने घ्यावे कसे, असा त्यांचा सवाल. बहुमत त्यांच्या बाजूने नव्हते. त्यांनी राजीनामा दिला, आणि डिसेंबरात एक लांबलचक पत्र लिहून आपली सारी कैफियत मांडली. ज्यांनी ही संस्था जन्माला घातली त्यांतलाच एक तिच्या दारातून बाहेर पडला. टिळक तेव्हा चौतीस वर्षांचे होते.

येथे थोडे थांबू या. कारण या सगळ्या प्रकरणात मला मोठी वाटते ती गोष्ट भांडण ही नव्हे. भांडणे कोठे होत नाहीत? मोठी गोष्ट ही, की टिळकांसारखा माणूससुद्धा मताच्या मोजणीत हरू शकत होता. संस्थापक म्हणून त्यांना एकाचे दोन मत नव्हते. आणि हरल्यावर त्यांनी संस्थेच्या किल्ल्या खिशात घातल्या नाहीत, जागेवर हक्क सांगितला नाही, की समोर दुसरे कॉलेज थाटले नाही. नियम त्यांनीच केला होता. तो आपल्यावर उलटला तेव्हाही त्यांनी तो पाळला. तिकडे जिंकलेल्यांनाही त्या विजयाने गादी मिळाली नाही. मिळाले ते पुन्हा तेच काम आणि तोच तुटपुंजा पगार.

पुढचा इतिहास पाहा. १८९२ साली प्रिन्सिपॉल आपटे वारले आणि आगरकर प्रिन्सिपॉल झाले. जेमतेम तीन वर्षे त्यांना मिळाली. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी बाजूला बांधून ठेवले होते असे सांगतात. ज्यांच्यावर जास्त मिळविण्याचा आक्षेप आला त्यांची शिल्लक ही!

टिळक गेल्यावर गणित शिकवायला माणूस हवा होता. गोखल्यांनी मुंबईहून बोलाविले ते धोंडो केशव कर्व्यांना. १८९१ साली ते आले. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला. पुण्यात आणि त्यांच्या मुरूड गावी काहूर उठले. गावाने त्यांना वाळीत टाकले. पण कॉलेजातली त्यांची जागा कायम राहिली. एखादा धनिक मालक असता आणि त्याला लोकापवादाचे भय असते, तर अण्णा कर्व्यांचे काय झाले असते कोण जाणे. तेथे मालक नव्हता म्हणूनच १८९६ चा अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ चे महिला विद्यापीठ यांना उभे राहायला एक स्थिर पाय मिळाला. कर्वे १९१४ सालापर्यंत त्याच कॉलेजात शिकवीत राहिले.

आणि कर्व्यांचेच नातलग, मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ साली केंब्रिजला गणितात ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे पहिले हिंदी. सरकारी नोकरीचे दार सताड उघडे. पण जाण्यापूर्वी दिलेला शब्द होता, म्हणून ते परत फर्ग्युसनमध्ये आले. १९०२ पासून पुढे कित्येक वर्षे ते प्रिन्सिपॉल होते. टिळकांनी ज्याचा आग्रह धरला ती शिस्त, आणि आगरकरांनी ज्याचा आग्रह धरला ते स्वातंत्र्य, दोन्ही मिळून हे कॉलेज वाढले असे मला वाटते.

हा नमुना पुण्यात राहिला नाही. १९१६ साली बेळगावात सात शिक्षकांनी मिळून कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी काढली. तीही आजीव सभासदांच्या बळावर. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि आजीव सेवकांची परंपरा बहुजनांच्या अंगणात नेली. आमच्या पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय त्याच रयतेचे. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर तेथूनच बाहेर पडला.

मग वारे फिरले. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदान व्यावसायिक कॉलेजांना परवानगी मिळाली. त्यामुळे मुलांना शिकायला परराज्यात जावे लागेना, हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. पण भांडवल ज्याचे त्याचा शब्द, ही रीतही त्याबरोबर आली. देणगीच्या नावाखाली पैसे उकळण्यास बंदी करणारा कायदा १९८७ सालीच करावा लागला, यातच काय ते आले. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक संलग्न महाविद्यालयात विकास समिती सांगितली आहे. तीत संस्थेचे अध्यक्ष व चिटणीस असतात, प्राचार्य असतात, तसेच अध्यापकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन अध्यापकही असतात. विद्यार्थ्यांचीही जागा आहे. कागदावर पाहिले तर १८८४ च्या त्या मेजाची ही धाकटी बहीणच. फरक एवढाच, की त्या मेजाभोवती बसणाऱ्याला 'नाही' म्हणता येत होते. आज तासावर नेमलेला, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही याची खात्री नसलेला तरुण अध्यापक 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणेल?

कोणी म्हणेल, मास्तर, पंचाहत्तर रुपयांचे दिवस गेले. गेलेच, आणि परत येऊही नयेत. शिक्षकाला उपाशी ठेवून विद्येची भरभराट होत नसते. आगरकरांनी हेच सांगितले. पण त्या पंचाहत्तर रुपयांबरोबर शिक्षकाला एक खुर्चीही मिळत होती, निर्णयाच्या मेजापाशी. पगार वाढला आणि खुर्ची गेली, तर सौदा कोणाच्या फायद्याचा झाला?

परवा ते म्हातारबाबा पुन्हा भेटले. नातवाला प्रवेश मिळाला होता. पेढे घेऊन आले होते. मी त्यांना म्हटले, "बाबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. नातू कॉलेजात गेला की त्याला एवढेच विचारायला सांगा : येथे शिकवणाऱ्या माणसाला मालकासमोर 'नाही' म्हणता येते काय? येत असेल तर ते कॉलेज त्याचे, तुमचे आणि माझेही."

म्हातारा हसला. पेढा माझ्या हातावर ठेवीत म्हणाला, "इचारतो, गुरुजी. जमीन तर आमचीच व्हती."