शासकीय अर्थसाहाय्य आणि वृत्तपत्रांचा निःपक्षपातीपणा : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वृत्तपत्रांना लोकशाहीचा चौथा आधारस्तंभ मानले जाते. परंतु हा स्तंभ ज्या पैशावर उभा राहतो तो कोठून येतो, याची चर्चा त्या मानाने अल्प झालेली आहे. अंकाची विक्री-किंमत सामान्यतः निर्मितिखर्चापेक्षा कमी असते व ती तूट जाहिराती भरून काढतात. महानगरांतील वृत्तपत्रांना व्यापारी जाहिराती मिळतात. तालुका पातळीवरील पत्राला मात्र शासकीय कार्यालये, नगरपरिषदा व पंचायत समित्या यांच्या जाहिरातींचा मोठा आधार असतो. अशा स्थितीत शासनाचा पैसा स्वीकारणारे वृत्तपत्र शासनाविषयी निःपक्षपातीपणे लिहू शकते काय, हा प्रश्न उपस्थित होतो.

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्याचे अंतर्भागातील तालुके या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उपयुक्त आहेत. भोर घाटातील रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाल्यापासून हा प्रदेश मुंबई व पुणे या दोन्ही वृत्तपत्र-केंद्रांशी जोडला गेला. जिल्ह्याचे मुख्यालय मात्र दूर किनाऱ्यावर, अलिबागला आहे. त्यामुळे या तालुक्यांतील घडामोडींची नियमित दखल घेण्याची जबाबदारी प्रामुख्याने लहान, स्थानिक पत्रांवर येते, आणि आर्थिकदृष्ट्या सर्वांत दुर्बल पत्रेही तीच असतात.

उद्दिष्टे :

१) शासन व वृत्तपत्रे यांच्यातील आर्थिक संबंधांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) या संबंधांचा निःपक्षपातीपणावर होणारा परिणाम तपासणे.
३) कर्जत-खालापूरच्या संदर्भात शासकीय जाहिरातींचे स्वरूप स्पष्ट करणे.

ब्रिटिश कालखंड :

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केले. पुढील अर्धशतकात देशी भाषांतील पत्रांचा प्रभाव वाढला, तसे सरकारचे धोरणही दुहेरी झाले. १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याने इंग्रजी पत्रांना वगळून केवळ देशी भाषांतील पत्रांवर निर्बंध लादले. हा कायदा १८८२ मध्ये रद्द झाला. याच सुमारास ‘प्रेस कमिशनर’ हे पद निर्माण करून वृत्तपत्रांना सरकारी माहिती पुरविण्याची व्यवस्थाही करण्यात आली. म्हणजे एका हाताने निर्बंध व दुसऱ्या हाताने माहितीचा पुरवठा, अशी ही नीती होती. १९१० च्या वृत्तपत्र कायद्यात जामिनाच्या रकमेची तरतूद आली. तिचा भार ज्यांच्याकडे भांडवल नव्हते अशा छापखान्यांवर अधिक पडला.

कर्जत परिसराला या नियंत्रणाचा अनुभव १९४२ च्या आंदोलनात आला. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून सरकारला आव्हान दिले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. या काळात आंदोलनाच्या वृत्तांवर कडक निर्बंध होते. साहजिकच, आपल्या शेजारच्या डोंगरात काय घडले हे येथील माणसाला वृत्तपत्रातून मोकळेपणाने कळण्याची सोय नव्हती.

कोलाबा जिल्ह्यातील पर्यायी परंपरा :

शासनाच्या पैशावर अवलंबून नसलेले पत्र आपोआप निःपक्षपाती असते, असेही म्हणता येत नाही. १९८१ पूर्वी रायगड जिल्हा ‘कोलाबा’ या नावाने ओळखला जात असे. तेथील चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात शेतकऱ्यांचा प्रदीर्घ संप झाला. त्याचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ सुरू केले. हे पत्र उघडपणे कुळांच्या बाजूचे होते व पुढे शेतकरी कामगार पक्षाशी त्याचे नाते दृढ झाले. येथे पक्षपात होता, परंतु तो जाहीर होता. वाचकाला पत्राची बाजू ठाऊक होती. ज्या पक्षपाताचे कारण वाचकाला दिसत नाही तो अधिक घातक ठरतो, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

स्वातंत्र्योत्तर काळ – पाने, कागद आणि किंमत :

न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये अहवाल सादर केला. मोठ्या पत्रांच्या स्पर्धेत लहान पत्रे टिकावीत, या हेतूने पानांच्या संख्येशी किंमत जोडण्याची कल्पना त्यातून पुढे आली. त्यानुसार १९५६ चा कायदा व १९६० चा आदेश निघाला. त्याला पुण्याच्या ‘सकाळ’ने आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा कायदा व आदेश घटनाबाह्य ठरविला. लहानांचे रक्षण हा हेतू चांगला असला, तरी त्यासाठी दुसऱ्याचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य कमी करता येणार नाही, हे त्या निर्णयाचे सार होय. १९७२ च्या बेनेट कोलमन खटल्यात वृत्तपत्र-कागदाच्या वाटपाआडून पानांवर घातलेली मर्यादाही न्यायालयाने फेटाळली.

आणीबाणीच्या काळात (१९७५-७७) आर्थिक साधनाचा उघड गैरवापर झाला. वृत्तपत्रांची ‘मित्र’, ‘तटस्थ’ व ‘विरोधी’ अशी वर्गवारी करून शासकीय जाहिराती देण्याचे वा रोखण्याचे प्रकार नंतरच्या चौकशीत उघड झाले. साहाय्य देण्याचा अधिकार हाच साहाय्य काढून घेण्याचाही अधिकार असतो, हे यातून सिद्ध झाले.

नियम आणि मर्जी :

सर्वच साहाय्य सारखे नसते. अमेरिकेत १७९२ च्या टपाल कायद्याने वृत्तपत्रांना अल्प दर दिला. भारतातही १८९८ च्या टपाल कायद्याखाली नोंदणीकृत पत्रांना सवलतीचा दर मिळत असे. स्वीडनने १९७० च्या दशकारंभी स्पर्धेत मागे पडलेल्या पत्रांसाठी अनुदान सुरू केले. या पद्धतींत लाभ मुख्यतः पूर्वनिश्चित नियमानुसार मिळतो, मजकूर पाहून नव्हे. याउलट जाहिरातीचे वाटप अधिकाऱ्याच्या वा मंत्र्याच्या इच्छेवर सोडले, की नियमाची जागा मर्जी घेते.

सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात शासकीय जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशिष्ट माध्यमसमूहांना झुकते माप देणे टाळावे. खपानुसार वर्गवारी करता येईल, परंतु जाहिराती समान तत्त्वावर द्याव्यात, असे त्यात सांगितले आहे. मात्र खप हाच निकष मानला, की खपाचे फुगविलेले आकडे हा नवा दोष निर्माण होतो.

कर्जत-खालापूरच्या संदर्भात :

या तालुक्यांत शासकीय जाहिरातीचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार वैधानिक सूचनेचा. भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, त्यांपैकी एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात, प्रसिद्ध करण्याचे बंधन २०१३ च्या कायद्यातही आहे. द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून गेला. २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘नैना’ क्षेत्रात कर्जत व खालापूरमधील गावांचाही समावेश झाला. ज्या प्रदेशात जमिनीचे स्वरूप इतक्या वेगाने बदलते, तेथे अशी सूचना म्हणजे शेतकऱ्याला हरकत नोंदविण्याची संधी असते. ती मुदतीत वाचनात आली नाही, तर हक्क कागदावरच राहतो. ठाकूर व कातकरी वाड्यांपर्यंत दैनिक पोहोचणे कठीण असल्याने ही हानी तेथे अधिक संभवते.

दुसरा प्रकार प्रसिद्धीचा, म्हणजे योजनांचा गौरव, उद्घाटने, शुभेच्छा. पहिला प्रकार वाचकाच्या हक्काचा, तर दुसरा देणाऱ्याच्या इच्छेचा आहे. दोहोंचा पैसा एकाच खिडकीतून आला, की टीका करणाऱ्या पत्राला सूचनाही नाकारल्या जाण्याचा धोका उद्भवतो. मग शिक्षा पत्राला होते, परंतु नुकसान सूचना न वाचलेल्या शेतकऱ्याचे होते.

निष्कर्ष :

१) शासकीय साहाय्य स्वतःहून निःपक्षपातीपणा नष्ट करीत नाही, साहाय्याच्या वाटपातील अनिर्बंध विवेकाधिकार तो नष्ट करतो.
२) वैधानिक सूचनांचे वाटप प्रसिद्धीच्या जाहिरातींपासून अलग ठेवून ते निश्चित क्रमानुसार व्हावे.
३) कोणत्या पत्रास किती रक्कम दिली, याची तालुकानिहाय यादी प्रत्येक कार्यालयाने दरवर्षी प्रसिद्ध करावी.
४) सूचनेसाठी पत्र निवडताना एकूण खपापेक्षा संबंधित गावांतील प्रत्यक्ष वाचन अधिक महत्त्वाचे मानावे.

स्थानिक वृत्तपत्राला मिळणाऱ्या पैशाचा हिशेब वाचकासमोर आला, तर त्यातील मजकुराची पारख करणे त्याला शक्य होईल.