शेजारी कोण उभा राहणार?

बारावी कॉमर्स झालो आणि एका बड्या कंपनीत वर्षभर अप्रेंटिस म्हणून लागलो. आईने वस्तीत साखर वाटली. पत्रावर माझं नाव छापलेलं होतं, खाली गोल शिक्का. हिशेबखात्यात काम शिकायचं, असं त्यात लिहिलेलं. आम्ही आठजण होतो. पहिल्या दिवशी साहेबाने एकेकाला नाव विचारलं. मी सांगितलं. "पूर्ण नाव?" तेही सांगितलं. "गाव कुठलं?" गाव सांगितलं. मग तो नुसता "बरं" म्हणाला.

आमच्यातले दोघे हेडक्लार्कच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. व्हाउचर कसं लावायचं, बिल कुठे अडतं, कुठल्या पार्टीला कसं बोलायचं, हे तो त्यांना डबा खाता खाता सांगायचा. मला झेरॉक्सच्या मशीनपाशी उभं केलं. मग फायली वरच्या मजल्यावर, फायली खालच्या मजल्यावर. वर्ष संपलं. आठही जणांना सर्टिफिकेट एकसारखं मिळालं. पण त्या दोघांना काम येत होतं आणि मला मशीनमध्ये अडकलेला कागद काढता येत होता.

कुणी मला शिवी दिली न्हाय. कुणी जात काढली न्हाय. फक्त शेजारी बसवलं नाही.

आता मी मुंबईबाहेर एका सूतगिरणीत आहे. पाळी सुटल्यावर मिळेल ते वाचतो. वाचता वाचता कळलं की ही माझ्या एकट्याची रड नाही. हिच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्याच बापजाद्यांचा आहे. म्हणून तो इथे मांडतो.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. १८५६ साली ताडदेवला ती गिरणी फिरू लागली. यंत्रं विलायतेची आणि ती चालवून दाखवणारे मास्तरही विलायतेचे. पण कोकणातून, देशावरून आलेल्या हजारो माणसांना काम शिकवलं कुणी? १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, पण साच्यावर उभा राहणारा कामगार काही तिथे शिकला नाही. तो शिकला खात्यात, दुसऱ्या कामगाराच्या शेजारी उभा राहून.

हा दुसरा कामगार कोण? भाऊ, चुलता, मेहुणा, गाववाला. नवा पोरगा बिनपगारी त्याच्या हाताखाली राहायचा. तुटलेला धागा कसा सांधायचा, साच्याचा आवाज बदलला तर काय बिघडलं, हे बघून बघून शिकायचा. मग जॉबरचा हात ओला करायचा. जॉबर बदलीवर घ्यायचा आणि नशीब असेल तर पुढे कायम करायचा. भरती जॉबरच्या हातात, दस्तुरीही त्याच्याच खिशात. गिरणीच्या दारावर 'अस्पृश्यांना मज्जाव' अशी पाटी लावायची गरजच नव्हती. शिकवणारा आपला नातेवाईक नसला, की दार आपोआप बंद.

म्हंजे आपली माणसं गिरणीत नव्हती असं नाही. होती, खूप होती. रिंग खात्यात होती. पोरंही होती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांच्या पोराला नऊ तास राबवायची मुभा ठेवली होती. १८९१ साली वय नऊवर आलं आणि तास सात झाले. असली पोरं भरलेल्या कांड्या काढायची, रिकाम्या लावायची. त्यात पुढच्या कामाचं शिकणं किती होतं ते तुम्हीच ठरवा.

साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, मात्र अस्पृश्याला जागा नव्हती. का? कारण सांगितलं जायचं ते धोट्याचं. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं. त्या धोट्याला महाराचं तोंड लागलं तर सवर्ण विणकर बाटणार! आता गंमत बघा. ते सूत कातलं कुणी? रिंग खात्यात आमच्या आयाबापांनीच. आमच्या हाताने कातलेलं सूत चालत होतं, त्याच सुताला आमचं तोंड लागलेलं चालत नव्हतं. एकाच धोट्याला वेगवेगळ्या कामगारांची तोंडं लागायची. ती सवर्णांची असली की विटाळ कुठे जायचा कुणास ठाऊक.

खरी गोष्ट पगाराची होती. साळखात्यातला पगार रिंग खात्यापेक्षा चांगला. ज्या खात्यात पैसा, त्याच खात्यात विटाळ. झाडूच्या कामाला कधी कुणी बाटल्याचं ऐकिवात नाही.

हा प्रश्न चव्हाट्यावर आणला बाबासाहेबांनी. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला, एप्रिल ते ऑक्टोबर. युनियनने मागण्यांची यादी केली, पण आपल्या माणसांना विणाईत काम मिळण्याची मागणी त्यात नव्हती. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं की अस्पृश्य कामगाराला सगळ्या खात्यांत कामाचा हक्क आहे हे मान्य करा, नाहीतर आमच्या लोकांना मी संपात उतरू नका म्हणून सांगेन. पुढाऱ्यांनी आढेवेढे घेतले आणि नाइलाजाने मान्य केलं. मागणी मालकांपुढे गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. या एका बाबतीत मालकांचं म्हणणं अर्धं खरं होतं. मालकाने दार बांधलं होतं, पण ते आतून धरून बसला होता आपल्याच शेजारचा कामगार. लाल झेंड्याखाली सगळे एक, पण साच्यापाशी जात वेगळी.

बाबासाहेबांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. ते स्वतः अशाच उमेदवारीतून गेले होते. १९१७ साली परदेशातून शिकून आल्यावर करारापोटी ते बडोदा संस्थानात रुजू झाले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत प्रोबेशनर म्हणून बसले, म्हंजे कारभार शिकणारा उमेदवारच. अमेरिकेत, इंग्लंडात शिकलेल्या त्या माणसाच्या टेबलावर शिपाई लांबून फायली टाकायचे. राहायला जागा नव्हती, पारशाच्या पथिकाश्रमात नाव लपवून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. पुढे मुंबईत शेअरच्या धंद्यात सल्ला देण्याचं काम काढलं. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक बंद झालं. एवढ्या विद्वानाची उमेदवारी अशी मोडली, तिथे तुमच्या-माझ्या झेरॉक्सचं काय घेऊन बसलात!

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं बाबासाहेबांनी सांगितलं ते तिथेच. हे वाक्य आपण भाषणात नेहमी घेतो. पण त्याच भाषणातला हिशेब फारसा घेत नाही. रेल्वेत आपला माणूस आयुष्यभर गँगमन राहतो. तो पोर्टर होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं. वर्कशॉपात तो हमाली करतो, मिस्त्री किंवा फिटर क्वचितच होतो. म्हंजे ब्राह्मणशाही फक्त देवळात नाही, ती पाना-हातोड्यापाशीही आहे, हे साहेब दाखवत होते.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी दलितांच्या उच्च शिक्षणाला मदत मागितली आणि जोडीला तांत्रिक शिक्षणाचीही बाजू मांडली. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत आपली पोरं अप्रेंटिस म्हणून घ्या, असं सुचवलं. डिग्री आणि हत्यार, दोन्ही त्यांना हवं होतं. आपण डिग्रीचं लक्षात ठेवलं, हत्याराचं विसरलो.

नंतर १९६१ चा अप्रेंटिस कायदा आला. १९७३ च्या दुरुस्तीने नेमून दिलेल्या ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या. म्हणजे दार कायद्याने उघडलं. पण याच कायद्यात अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे, असंही लिहिलंय. म्हणून कामगार कायद्याचं छत्र त्याच्यावर पुरतं येत नाही. शिकून झाल्यावर नोकरी द्यायची सक्ती मालकावर नव्हती. २०१४ च्या दुरुस्तीने कंपनीने आपलं धोरण आपणच ठरवावं एवढं सांगितलं. इकडे १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, साळखात्याचा वाद साळखात्यासकट गेला. पण शिकाऊ पोरगा राहिलाय. त्याला आठ तास राबवता येतं आणि वर्षाने हात झटकता येतात.

आता कामाचं सांगतो. आपण कार्यकर्ते वस्तीतल्या पोराला कंपनीत अप्रेंटिस लावतो आणि म्हणतो, चला, एक काम झालं. पुढे विचारतो ते स्टायपेंड मिळाला का एवढंच. तो काय शिकला हे विचारत नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं, लाज वाटायची.

त्याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. प्रत्येक अप्रेंटिसच्या शिकण्याची नोंद मालकाने ठेवली पाहिजे. आणि शिक्षणाशी संबंध नसलेल्या कामाला त्याला जुंपता येत नाही. हे मला त्या झेरॉक्सच्या मशीनपाशी माहीत असतं तर मी निदान तोंड उघडलं असतं. कदाचित काढून टाकलं असतं. पण तेव्हा आठवड्याला एकदा जरी कुणी येऊन विचारलं असतं की, "काय रे, आज कुणाशेजारी बसलास?" तर मी एकटा पडलो नसतो.

म्हणून हे करा. आपल्या भागातून किती पोरं-पोरी अप्रेंटिस म्हणून गेल्यात त्यांची वही करा. दर रविवारी विहारात त्यांना बसवा. कोणतं काम हातात दिलं, कोणी शिकवलं, कोणी टाळलं, ते तारखेसकट लिहा. आणि आपल्यातला जो फिटर झालाय, अकाउंटंट झालाय, सुपरवायझर झालाय, त्याला तिथे बोलवा. त्याच्या शेजारी आपला पोरगा बसवा. सवर्णांच्या पोरांना चुलता होता, मेहुणा होता. आपल्या पोरांचा चुलता आपणच व्हायला पायजे.

जयभीम.