बॅटरीविना किकस्टार्ट मोटारसायकल

बॅटरी उतरलेली किंवा काढूनच टाकलेली मोटारसायकल किक मारून सुरू करणे आणि तशीच चालवणे. किकने क्रँक फिरतो, एवढेच तिचे काम. गाडी सुरू होणार की नाही, हे प्लगला ठिणगी पाडणारी वीज कोठून येते त्यावर ठरते. म्हणून एकाची गाडी बॅटरी नसताना वर्षानुवर्षे गावात दूध घालते आणि शेजाऱ्याची शंभर किका मारूनही फुरफुरत नाही.

विजेच्या या वाटेनुसार गाड्यांच्या दोन जाती होतात. पहिल्या जातीच्या गाड्यांत ठिणगीची वीज मॅग्नेटमधूनच येते. क्रँकच्या टोकावरचे चुंबकाचे चाक स्थिर कॉइलींभोवती फिरते. त्यांपैकी एक कॉइल फक्त इग्निशनसाठी राखलेली असते. तिच्यातला शंभराहून अधिक व्होल्टचा दाब सीडीआय या ठिणगी घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीतल्या कंडेन्सरमध्ये साठतो. ठिणगीची वेळ सांगणाऱ्या पल्सर कॉइलचा इशारा मिळताच तो एका झटक्यात दाब वाढवणाऱ्या एचटी कॉइलमध्ये मोकळा होतो आणि प्लगपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचे हजारो व्होल्ट झालेले असतात. या वाटेवर बॅटरी कोठेच लागत नाही. यामाहा आरएक्स १०० (१९८५) आणि कार्ब्युरेटरची जुनी हीरो होंडा स्प्लेंडर (१९९४) या अशा गाड्या. फिरत्या चुंबकातून ठिणगीची वीज काढणारा मॅग्नेटो ही कल्पना मात्र बरीच जुनी आहे. बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो १९०२ मध्ये तयार केला. छोट्या पिस्टन-विमानांत आजही इंजिनाला दोन-दोन मॅग्नेटो असतात, ते बॅटरी लागत नाही याच कारणासाठी : विमानाची सगळी वीज गेली तरी इंजिन थांबता कामा नये.

दुसऱ्या जातीत ठिणगीची वीज बॅटरीतून येते. कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटची जुनी बुलेट हे याचे घरोघरचे उदाहरण. मुरलेला बुलेटवाला चावी लावून किक हळूहळू दाबतो आणि हेडलाइटवरच्या अँमीटरकडे पाहतो. पॉइंट जुळलेले असताना काटा डावीकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. तेथे डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मग पूर्ण किक. बॅटरी मेलेली असेल तर काटा हलतच नाही. अशा वेळी किकवर घाम गाळण्यात अर्थ नसतो. बॅटरीत थोडी धुगधुगी उरली असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून गाडी कधी कधी सुरू होते. डीसी सीडीआयच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सीडीआयच्या, गाड्यांचेही गणित असेच. सीडीआय आहे म्हणजे बॅटरी लागणार नाही, हा गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येणारा समज चुकीचा आहे.

इंजिन बॅटरीविना चालले तरी बाकीची वीजव्यवस्था बिघडते. घरातल्या हौदासारखी बॅटरी मॅग्नेटचा कमीजास्त पुरवठा पोटात घेऊन पुढे सारखा देते. हौद काढला की नळाचा प्रत्येक हिसका थेट भांड्यात. कमी वेगात हॉर्न घोगरा होतो, इंडिकेटर लुकलुकायचे थांबतात. इंजिन ताणले की दाब वर उसळतो आणि आधी ब्रेकलाइटचा बल्ब उडतो, मग रेक्टिफायरची पाळी. रेग्युलेटर पुष्कळदा बॅटरीच्या दाबाकडे पाहूनच आपले काम करतो, त्यामुळे बॅटरी नसली की तोही बावचळतो. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट मात्र थेट मॅग्नेटवर असल्याने बॅटरी असो-नसो, घाटात रेस कमी झाली की पिवळा पडतोच.

यावर जुना उपाय मोठ्या कपॅसिटरचा. १९६० च्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांसाठी ल्यूकसने २एमसी नावाचा कपॅसिटर काढला होता. जोडीला जादा दाब जिरवणारा झेनर डायोड असला की बॅटरीविना गाडी चाले. कपॅसिटर हिसके गुळगुळीत करतो, पण साठा फार थोडा ठेवतो. इंजिन बंद असताना त्यावर हॉर्न वाजत नाही.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि फ्युएल इंजेक्शन साध्या गाड्यांतही आले. आता ठिणगीबरोबर पेट्रोलपंप, इंजेक्टर आणि इंजिन सांभाळणारा संगणक म्हणजे ईसीयू यांनाही वीज हवी. हे बॅटरीविना अशक्य नाही. सुझुकीच्या २००८ च्या आरएम-झेड ४५० या मोटोक्रॉस गाडीत इंजेक्शन होते, बॅटरी नव्हती आणि ती किकनेच सुरू होई. पण ती तशीच घडवलेली शर्यतीची गाडी. रोजच्या वापराच्या इंजेक्शनच्या गाडीवर हा प्रयोग करू नये; त्यात ईसीयू गमावण्याचा धोका असतो आणि ईसीयू बॅटरीपेक्षा कितीतरी महाग पडतो.

बॅटरी काढायचीच झाली तर इंजिन बंद ठेवून काढावी. चालू गाडीची तार कधीही ओढू नये. मोकळ्या राहिलेल्या अधिक टोकाला टेप गुंडाळावी, कारण ते चासीला टेकले की फ्यूज किंवा रेक्टिफायर जातो. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे चालता हॉर्न आणि ब्रेकलाइट असणे सक्तीचे आहे.